आधी आखणी, मग टिकाव

श्रमदानाला माणसं मिळतात. अडतं ते पुढे. आलेल्याच्या हाताला लगेच काम हवं आणि ते काम ओळीत पडायला हवं. चारशे माणसं डोंगरावर उभी आणि टिकाव साठच असले, की तासाभरात निम्मी माणसं फोटो काढून सावली शोधतात.

२०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झालेली पानी फाउंडेशनची वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली होती. ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे ४५ दिवसांत ज्या गावाचं काम सरस, त्याला बक्षीस. त्या वर्षी १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून ‘जलमित्र’ निघाले, त्यांतले आम्ही माण तालुक्यातल्या एका गावात उतरलो. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, काहींचे हातमोजे. गावाने मात्र आमची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. उतारभर पांढऱ्या फक्कीच्या वळणदार रेघा मारल्या होत्या.

या रेघा डोळ्यांच्या अंदाजाने मारता येत नाहीत. प्रशिक्षण घेऊन आलेल्या दोन बाया ए-फ्रेम घेऊन पुढचा पट्टा आखत होत्या. दोन बांबूंचे पाय, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला लोंबणारा दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेशी जुळली की दोन्ही पाय समपातळीवर आले. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, दगड थांबेपर्यंत धीर धरायचा, फक्कीची चिमूट टाकायची, की पुढचं पाऊल. वारा सुटला की दगड हलतो. बाई पदराचा आडोसा करून थांबते. एवढा खटाटोप का? या रेघेवर पाणी अडवायला खणलेला चर एका टोकाला जरा जरी उतरता झाला, तर पावसाचं सगळं पाणी त्या टोकाला धावतं, भराव फोडतं आणि खालचे चरही घेऊन जातं. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यायचं असतं. जेसीबी ओढ्यात खुशाल चालवा, पण डोंगरावर आधी हेच.

आमच्या टोळीला रेघेचा एक तुकडा मिळाला. चर दोन फूट रुंद, फूटभर खोल. टिकाव मारणारा एक, फावड्याने घमेली भरणारा एक, बाकीच्यांनी साखळीत उभं राहायचं. भराव उताराच्या अंगाला, तोही चराच्या काठापासून फूटभर सोडून. नाहीतर पहिल्याच पावसात माती पुन्हा चरात. मुरुमावर टिकाव आपटून पहिल्याच दहा मिनिटांत आमच्यातल्या एकाच्या तळव्याला फोड आला. “पाव्हणं, जोर लावू नका, टिकावाला त्याच्या वजनानं पडू द्या,” शेजारची आजी म्हणाली आणि फावडं त्याच्या हाती देऊन टिकाव स्वतः घेतला.

नऊनंतर ऊन चढलं आणि मोजणी सुरू झाली. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. दहा मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल म्हणजे १.८ घनमीटर. टेप धरणारा पोरगा कोणाचीही भीड ठेवत नव्हता. आमच्या चराची खोली त्याने तीन ठिकाणी मोजली आणि सर्वांत कमी आलेली वहीत लिहिली. राज्यभराचा कार्यक्रम खरा उभा राहतो तो अशा वह्यांवर. भाषणं आणि टीव्हीवरचे चेहरे माणसं घराबाहेर काढतात, एवढंच.

स्पर्धेबद्दल माझं मत मात्र सरळ नाही. बक्षिसाच्या ईर्ष्येने एरवी एका पारावर न बसणारे दोन गट एका चरावर आले, हे मी पाहिलं. त्या वर्षी पहिलं आलेलं टाकेवाडी माण तालुक्यातलंच. पण पाणी मुरून वाढतं ते विहिरीला, आणि विहीर असते जमीनवाल्याची. त्या आजीला गुंठाही जमीन नव्हती. विचारलं, तर म्हणाली, “हापशाला दोन म्हैनं जादा पाणी आलं तरी लई झालं.” श्रमदानाचा हिशेब घनमीटरमध्ये होतो, वाढलेल्या पाण्यात कोणाचा किती वाटा, त्यासाठी वही कोणाकडे नव्हती.

आणि चर गाळाने भरतात. दर उन्हाळ्यात ते उकरावे लागतात, तेव्हा स्पर्धा नसते आणि पुण्याहून गाड्याही येत नाहीत. गावाने त्यासाठी वाड्यावस्त्यांना पट्टे वाटून दिले होते. वरचा पट्टा घ्यायला कोणी तयार नव्हतं, कारण चढ उभा आहे. आम्ही निघालो तेव्हा त्यावरूनच वाद चालला होता.