श्वासाच्या सुकाणूवर

1995 साली मॉन्ट्रियलच्या समकालीन कला संग्रहालयात शार डेव्हिस या कॅनेडियन चित्रकर्तीने ‘ऑस्मोस’ नावाचं मांडणशिल्प लोकांसमोर आणलं. एका वेळी एकालाच आत जाता येई. डोक्यावर जड हेडसेट चढवायचा, अंगात एक जाकीट घालायचं. जाकिटाचा पट्टा छातीभोवती आवळून बसे आणि छाती किती फुगली, किती आत गेली ते मोजे. पाठीचा कणा कुठे कलला हेही टिपलं जाई. हातांना काहीच काम नव्हतं. श्वास घेतला की माणूस समोरच्या आभासी जगात सावकाश वर तरंगायचा, सोडला की खाली उतरायचा, पुढे झुकला की पुढे सरकायचा. आधी दिसायची काटकोनी रेषांची जाळी. मग जंगलातली मोकळी जागा आणि त्यात एक झाड. त्या झाडाच्या पानात शिरता यायचं, तळ्याच्या तळाशी जाता यायचं, जमिनीखाली मुळांमधून फिरता यायचं. कोणतीच वस्तू टणक नव्हती. झाडाच्या खोडातून पलीकडचं धुकं दिसायचं आणि त्या खोडातून आरपार जाताही यायचं. साधारण पंधरा मिनिटांनी ते सारं जग दूर जाऊ लागायचं आणि कितीही धडपड केली तरी परत हाती लागायचं नाही. बाहेर अंधाऱ्या खोलीत थांबलेल्यांना एका पडद्यावर आतल्या माणसाचा प्रवास दिसे आणि दुसऱ्या पडद्यावर फक्त त्याची सावली: कधी ताठ, कधी ओणवी, कधी नुसती स्तब्ध.

श्वास आणि निसर्ग यांचा मेळ घालणाऱ्या डिजिटल कलाकृती गेल्या तीस वर्षांत बऱ्याच झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ‘ऑस्मोस’हून देखण्या आहेत. तरीही या प्रवाहाचा आढावा घेताना पुन्हा पुन्हा त्या जाकिटापाशी यावं लागतं. त्या काळच्या आभासी जगात फिरायचं तर हातात दांडा किंवा हातमोजा असे. बोट दाखवायचं आणि त्या दिशेने सुसाट जायचं. जग म्हणजे काबीज करायची जागा, हाच त्यामागचा समज होता. डेव्हिस स्वतः सॉफ्टइमेज या संगणक-चित्रणाच्या कंपनीच्या उभारणीत होत्या, त्यामुळे हा समज यंत्रात कुठून शिरतो हे त्यांना जवळून माहीत होतं. त्यांनी त्याऐवजी समुद्रातल्या पाणबुड्याचा अनुभव आधाराला घेतला. पाण्याखाली तोल सांभाळायचा असतो तो फुप्फुसांतल्या हवेने, हातपाय मारून नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा आढावा त्याच कसोटीवर आहे: श्वास पडद्यावर दिसला म्हणून निसर्गाशी नातं जुळत नाही. श्वासाच्या अटी पाळल्याशिवाय कलाकृती पुढे सरकणारच नाही, अशी रचना असेल तेव्हा ते नातं अंगाला कळू लागतं.

श्वासच का, नाडी किंवा घाम का नाही? हृदयाचे ठोके आपण ठरवून थांबवू शकत नाही आणि हात आपण ठरवल्याशिवाय हलत नाही. श्वास या दोहोंच्या मध्ये आहे. तो झोपेतही चालतो आणि मनात आलं तर लांबवता येतो, रोखता येतो, पण काही काळच. मग शरीर आपलं ऐकत नाही. पूरक, कुंभक, रेचक हे शब्द ज्या परंपरेने घडवले तिला हा अर्धा ताबा चांगला ठाऊक होता. तो यंत्राने मोजून पाहण्याचं कामही आपल्या शेजारीच सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं हे प्रयोगशाळेच्या पद्धतीने तपासायला घेतलं. कलावंतांच्या हाती छातीचा पट्टा यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. श्वास मोजल्याने त्याची किंमत कमी होत नाही, हे त्या कामावरून दिसतं. मोजून पुढे काय करायचं, हा खरा प्रश्न. ‘ऑस्मोस’मध्ये श्वास सुकाणू झाला. घाईने श्वास घेणाऱ्याचं जग नुसतं वरखाली हेलकावत राहतं. डेव्हिस यांनी नोंदवलं आहे की बहुतेक माणसं सुरुवातीला सगळं पाहून घ्यायच्या धांदलीत असत आणि काही मिनिटांनी संथ होत. काहीजण बाहेर येताना रडत असत. रडण्याला मी पुरावा मानत नाही. संथ होण्याला मानतो, कारण ते कलाकृतीच्या रचनेतूनच येतं.

याआधीचे प्रयत्न नव्हते असं नाही. फ्रान्समध्ये एदमों कुशो आणि मिशेल ब्रे यांनी 1988 मध्ये फुंकरीने पडद्यावरचं पीस उडवलं आणि 1990 मध्ये पडद्यावरच्या रानफुलाची म्हातारी उधळली. फुंकर जोराची की हळुवार, त्यावर पिसाची वाट ठरे. पण डिजिटलच्या बाहेर याहून धीट काम झालं होतं. 1977 साली मरिना अब्रामोविच आणि उलाय या कलावंत-जोडीने एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून एकाच हवेची देवाणघेवाण केली. नाकपुड्यांत सिगारेटचे फिल्टर कोंबून बाहेरची हवा बंद केलेली, गळ्यावर चिकटवलेल्या मायक्रोफोनमधून घुसमटीचा आवाज श्रोत्यांपर्यंत जाणारा. मिनिटागणिक त्या हवेतला प्राणवायू घटत गेला आणि पुढे चालू ठेवणं अशक्य झालं तेव्हा ते थांबले. दोन माणसांमधल्या बंद हवेत जीवन फार काळ टिकत नाही, तिथे तिसरं कुणीतरी लागतं, हे झाडाचं नावही न घेता त्या प्रयोगाने दाखवलं. इटलीचा जुझेप्पे पेनोने यात झाड आणतो: 1999 च्या सुमाराच्या त्याच्या कामात खोलीच्या भिंती तारेच्या जाळीत भरलेल्या लॉरेलच्या पानांनी मढवल्या आहेत. तिथे पाहणं आणि हुंगणं वेगळं काढता येत नाही. नाकाने घेतलेल्या त्या वासाला हेडसेटकडे अजून तोड नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

आता सध्याच्या काळातलं सर्वांत गाजलेलं काम. लंडनच्या मार्शमॅलो लेझर फीस्ट या कलावंत-गटाने डिसेंबर 2018 मध्ये साची गॅलरीत ‘वी लिव्ह इन ॲन ओशन ऑफ एअर’ मांडलं. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हे टोरिचेल्लीने 1644 मधल्या एका पत्रात लिहिलं होतं. शीर्षक त्याची आठवण करून देतं. पाठीवर संगणक, डोळ्यांवर हेडसेट, श्वास आणि नाडी टिपणारे सेन्सर असा सरंजाम घालून प्रेक्षक कॅलिफोर्नियातल्या महाकाय सेक्वोया वृक्षापुढे उभा राहतो. सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारांखेरीज हा वृक्ष निसर्गतः कुठेही उगवत नाही. त्यातला सर्वांत मोठा, जनरल शेरमन, सुमारे 84 मीटर उंच आहे. प्रेक्षकाने श्वास सोडला की तो रंगीत कणांच्या लोटासारखा समोर दिसतो, शेजाऱ्याचा श्वासही दिसतो आणि ते कण झाडाकडे ओढले जातात. झाडाच्या आत पाणी वर चढताना दिसतं. अदृश्य हवेला अंग मिळालेलं पाहणं ही लहान गोष्ट नाही. 1771 साली जोसेफ प्रिस्टलीने मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची काडी ठेवली आणि दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. काचेखाली घडलेलं ते गूढ इथे डोळ्यांदेखत उलगडतं.

तरीही या कामाबद्दल माझी तक्रार आहे. इथे श्वास दिसतो, पण काही ठरवत नाही. तुम्ही धापा टाका की दीर्घ श्वास घ्या, झाड आपलं सौंदर्य सारख्याच उदारपणे दाखवत राहतं. शिवाय चित्र असं उभं राहतं की हा माझा उच्छ्वास, तो या झाडाने घेतला, हा हिशेब पुरा झाला. प्रत्यक्षात आपण सोडलेल्या हवेत सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो सगळ्या वातावरणात मिसळून जातो; कुठल्या पानाच्या वाट्याला तो कधी येईल ते सांगता येत नाही. वातावरणात जाणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींकडून येतो. आणि जुनं, पूर्ण वाढलेलं जंगल जेवढा प्राणवायू बनवतं, जवळजवळ तेवढाच त्याच्या कुजण्यात आणि श्वसनात खर्चही होतो. कलेकडून शास्त्राचं पुस्तक कशाला मागता, असं यावर कुणी म्हणेल. मागत नाही. पण खरी गोष्ट या चित्राहून मोठी आहे. माझा श्वास कुणा एकाला दिलेली भेट नसून असंख्य अनोळखी जिवांच्या सामाईक साठ्यात पडतो, याचा चटका त्या रंगीत लोटात हरवतो. याच गटाच्या 2022 मधल्या ‘इव्हॉल्व्हर’मध्ये प्राणवायूचा शरीरातला प्रवास आहे. फुप्फुसांच्या शाखा आणि झाडाच्या फांद्या तिथे एकमेकींसारख्या दिसतात. सारखेपणा मोहक असतो. पण सारखं दिसणं आणि एकमेकांवर अवलंबून असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेव्हिस यांनी 1998 च्या ‘एफेमेर’ मध्ये भूमी आणि शरीराची आतली इंद्रियं एकाखाली एक ठेवली तेव्हा तिथली बीजं टक लावून पाहिल्यावरच फुटत, आणि उशीर केला तर ऋतू निघून जाई. तिथे पाहणाऱ्यावर काही जबाबदारी होती.

श्वासाची गोड बाजूच दाखवायची, या सवयीला उत्तर देणारी कामंही आहेत. राफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकन-कॅनेडियन कलावंताने 2013 मध्ये बंद काचेची खोली बांधली. आधी येऊन गेलेल्यांनी सोडलेली हवा तिथे नळ्यांतून तपकिरी कागदी पिशव्यांत खेळत राहते, पिशव्या फुगतात, मिटतात. आत जाणाऱ्याला गुदमरण्याची, संसर्गाची, घबराटीची सूचना आधी दिली जाते. कोविडच्या सात वर्षं आधीचं हे काम आज वेगळ्याच अर्थाने अंगावर येतं. दुसरं काम डिजिटल नाही, पण या चर्चेत त्याला जागा हवीच. मायकल पिन्स्की या कलावंताने 2017 मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्धाइम शहरात एकमेकांना जोडलेले पाच घुमट उभारले: टाउत्रा बेटाची स्वच्छ हवा, मग लंडन, नवी दिल्ली, साव पावलो, बीजिंग. प्रत्येक घुमटात त्या शहराच्या हवेचा वास, धुकटपणा आणि उष्मा निरुपद्रवी मिश्रणांनी तयार केलेला होता. आपल्या देशाची राजधानी तिथे एका श्वासात ओळखू येई, आणि ती ओळख सुखाची नव्हती. मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. पर्यावरणासाठी काही करावं हा मनोदय पाहून झाल्यावर थोडा वाढलेला दिसला. पण स्वतःच्या उत्सर्जनाचा हिशेब ठेवायची संधी पुढे केली तेव्हा लोकांनी ती घेतली नाही. हा निष्कर्ष कलेच्या विरोधात वापरला जातो. मला तो प्रामाणिक वाटतो आणि उपयोगीही. घुमटात श्वास कोंडला, पण त्या कोंडण्यावर प्रेक्षकाला काहीच करता येत नव्हतं. पुढच्या दारातून बाहेर पडणं एवढाच मार्ग. जिथे श्वास सुकाणू होतो तिथे निदान शरीर एक बदल करून पाहतं.

सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे: खरं जंगल सोडून पडद्यावरच्या झाडापुढे श्वास कशाला घ्यायचा? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पीटर कान यांच्या गटाने 2008 मध्ये केलेली तुलना या आक्षेपाला बळ देते. हलका ताण आल्यावर काहींना खिडकीतून झाडं दिसत होती, काहींना तेच दृश्य मोठ्या प्लाझ्मा पडद्यावर, काहींसमोर कोरी भिंत. खिडकीपाशी हृदयाची गती लवकर पूर्वपदावर आली. पडदा मात्र भिंतीहून सरस ठरला नाही. म्हणून पडद्यावरचं रान खऱ्या रानाची भरपाई करील असा दावा कुणी करू नये, आणि शहरातली झाडं तोडण्याला तो सबब तर मुळीच होऊ नये. पण त्या प्रयोगातल्या पडद्याने बघणाऱ्याच्या शरीराकडून काहीच मागितलं नव्हतं. याउलट ‘डीप’ नावाच्या आभासी खेळात पोटाशी पट्टा बांधून खोल, संथ श्वासावर पाण्याखाली पुढे जायचं असतं. त्यावर नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठात मुलांच्या चिंतेसंदर्भात अभ्यास झाले. तिथेही समुद्र खोटाच आहे, पण श्वास खरा आहे. आणि खऱ्या रानात गेलो तरी आपला श्वास आपल्या ध्यानात येतो असं कुठे आहे? चढ लागून धाप लागते तेव्हाच तो आठवतो. श्वासावर चालणारं काम खऱ्या झाडाला पर्याय म्हणून उभं नाही. झाडाखाली उभं असतानाही जे सुटून जातं, तेवढंच ते पकडतं.

वीज, खाणीतून निघणारे धातू, काही वर्षांत भंगारात जाणारी यंत्रं, हा दुसरा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि त्याला गोड बोलून टाळता येणार नाही. ‘ऑस्मोस’ने तो टाळला नव्हता. मुळांच्याही खाली, अगदी तळाशी श्वास सोडत उतरलं की तिथे या कलाकृतीच्याच प्रोग्रॅमच्या ओळी लागत. ज्या यंत्राने हे रान उभं केलं ते रानाच्या पायाशी उघडं ठेवलेलं होतं. नंतरच्या अनेक देखण्या कामांत हा तळ झाकला गेला. तो पुन्हा उघडा करण्यात खर्चही फार नाही.

साची गॅलरीतला वृक्ष ज्या जातीचा, तिच्या रानांत 19 ऑगस्ट 2020 च्या विजांनी कॅसल वणवा पेटला. जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी अंदाजे 10 ते 14 टक्के वृक्ष त्यात गेले. त्यांची साल एरवी आगीला दाद देत नाही, त्यांची बीजं रुजायलाही आग लागते. पण दुष्काळाने वाळलेल्या आणि दशकानुदशकं आग विझवत ठेवल्याने झाडोऱ्याने गच्च झालेल्या उतारांवर ज्वाळा थेट शेंड्यांपर्यंत पोचल्या. शेकडो वर्षांच्या उन्हात घेतलेला कार्बन काही दिवसांत हवेत परतला. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांत आठवडेच्या आठवडे धूर साचून होता आणि माणसं मुखपट्ट्यांआडून तोच ओढत होती. झाडाने आपला उच्छ्वास घेतल्याचं चित्र 2018 मध्ये तयार होतं. झाडच श्वासातून माणसाच्या छातीत उतरतंय, प्रत्येक खोकल्याबरोबर वाट बदलतेय, श्वास रोखून धरला तर काही सेकंद चित्र स्वच्छ होतंय आणि मग तो सोडावाच लागतोय, असं काम छातीच्या त्याच पट्ट्याने आज करता येईल.