भिंतीचा पोपडा आणि पाण्याची वाट

पावसाळा सरला की आपल्याकडे घराघरांत दोन कामे निघतात. गाद्या-गोधड्या उन्हात पडतात आणि बाहेरच्या भिंतीकडे बघून उसासा टाकला जातो. कुठे गिलाव्याचा पोपडा सुटलेला असतो, कुठे खिडकीच्या कोपऱ्यातून बारीक भेग उतरलेली असते, कुठे जोत्यापाशी रंग फुगून त्याखाली पांढरी पूड जमलेली असते. "एवढंसं तर आहे, ईदला रंग काढू तेव्हा बघू," असे म्हणून आपण पुढे जातो. ईदच्या आधी रंगारी येतो, त्या जागेवर पुट्टीचा हात फिरवतो, वर रंग चढतो आणि भिंत नव्यासारखी दिसते. पुढच्या पावसात तोच पोपडा दुप्पट मोठा होऊन खाली येतो. पुट्टी, रंग आणि मजुरी, सगळे पैसे त्याच्याबरोबर मातीत जातात.

रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. वाऱ्याबरोबर येणारी झड भिंतीला तासन्‌तास झोडपते. कोकणातल्या आपल्या कितीतरी वस्त्यांमध्ये घरे आखातातल्या कमाईतून उभी राहिली आहेत. घर बांधणारा माणूस वर्षातून महिनाभर घरी असतो आणि बाकीचे अकरा महिने मिस्त्रीशी बोलणे, माल आणणे, पैसे देणे हे सारे घरातल्या बायकांवर किंवा वडीलधाऱ्यांवर येते. म्हणून हे काम कसे होते ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. स्वतः थापी हातात धरली नाही तरी समोर चाललेले काम बरोबर आहे की नाही एवढे कळले पाहिजे.

आधी पाण्याचा माग

गिलावा म्हणजे भिंतीच्या अंगावरचा रेनकोट. आतला चिरा किंवा वीट पाणी पिणारी असते. दोन सेंटिमीटर जाडीचा हा थर ते पाणी बाहेर अडवतो. त्याला भेग पडली की पाणी आत शिरते, पण त्याच वाटेने सहजी बाहेर येत नाही. ते गिलाव्याच्या मागे साठते, भिंतीतले क्षार विरघळवते आणि ऊन पडले की ते क्षार पृष्ठभागावर येऊन त्यांचे स्फटिक होतात. यालाच आपण लोणा म्हणतो. हे स्फटिक वाढताना गिलावा आतून ढकलतात आणि पोपडा सुटतो. म्हणजे पोपडा हा परिणाम आहे, कारण पाणी आहे. पाणी कुठून येते ते न शोधता केलेली दुरुस्ती पाण्यातच जाते.

म्हणून पहिल्या दिवशी हातोडी बाजूला ठेवावी आणि वर बघावे. पन्हाळ फुटली आहे का? पत्र्याची किंवा कौलांची वळचण इतकी आखूड आहे का, की पागोळी भिंतीवरच उतरते? छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का? ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून सरकत भिंतीपर्यंत येते. ओल आहे त्याच्या दुसऱ्या बाजूला न्हाणीघर किंवा पाण्याचा नळ आहे का? जोत्यालगत मातीचा, वाळूचा किंवा सरपणाचा ढीग लागला आहे का? अंगणातली जमीन जोत्याच्या ओल अडवणाऱ्या थरापेक्षा किमान सहा इंच खाली असावी. वर्षानुवर्षे भर पडून ती वर आली असेल तर आधी फावडे घ्यावे, थापी नंतर.

आपल्या पन्हाळीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडत नाही ना, हेही याच फेरीत बघून घ्यावे. त्यांच्या भिंतीची ओल ही आपलीच जबाबदारी असते.

भिंत अजून ओली आहे का, याची एक साधी परीक्षा आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंतीत अजून पाणी आहे. तेव्हा घाई करू नये, तिला वाळू द्यावे.

कोणती भेग आपली, कोणती इंजिनिअरची

केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलावा लवकर वाळल्याच्या खुणा असतात. त्या आपल्या आवाक्यातल्या आहेत. खांब किंवा बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर उभी-आडवी सरळ भेग येते. दोन्ही साहित्ये उन्हाने कमी-जास्त फुगतात म्हणून ती पडते. हीदेखील दुरुस्त होते, पण सांध्यावर दोन्ही बाजूंनी चार-चार इंच जाईल अशी कोंबडीजाळी ठोकून मगच गिलावा करावा लागतो.

मात्र पुढच्या तीन खुणा दिसल्या तर मिस्त्रीच्या आधी इंजिनिअरला बोलवावे. पहिली खूण, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यांसारखी उतरणारी आणि आतल्या बाजूनेही दिसणारी भेग. दुसरी, वाढत जाणारी भेग. ती ओळखायला भेगेवर सिमेंटची पातळ पट्टी आडवी लावून त्यावर तारीख लिहावी. महिन्या-दोन महिन्यांत पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. तिसरी, खांब, बीम किंवा छज्जाच्या रेषेत गिलावा फुटून त्यात तांबूस डाग. आतली सळई गंजते तेव्हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटच फोडतो. त्यावर गिलावा थापणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. छज्जा तर डोक्यावर असतो आणि त्याच्याखाली मुले खेळतात.

सुटलेले सगळे काढा

आता हातोडी घ्यावी. पोपड्याच्या आजूबाजूची भिंत लाकडी दांड्याने हलकेच ठोकत जावे. घट्ट गिलावा ठणठणीत वाजतो, सुटलेला भदभद वाजतो. पोकळ आवाज येईल तिथे कोळशाने किंवा खडूने खूण करावी. हातभर पोपड्याभोवती दोन हात जागा पोकळ निघाली तर दचकू नये. ती तशीच ठेवली तर नव्या ठिगळाची कडा तिथूनच सुटेल.

छन्नीने खुणेपर्यंतचा सगळा गिलावा काढावा. कडा सरळ, चौकोनी ठेवाव्यात आणि आतल्या बाजूला किंचित तिरक्या खणाव्यात, म्हणजे नवा माल जुन्याखाली अडकून बसतो. चिऱ्यांचे किंवा विटांचे सांधे अर्धा इंच खरवडावेत. तारेच्या ब्रशने धूळ आणि लोणा कोरडाच झाडून काढावा. लोण्यावर आधी पाणी मारले तर क्षार परत भिंतीत जातात. हे काम करताना डोळ्यांवर चष्मा आणि नाका-तोंडावर रुमाल हवा, आणि मुले लांब हवीत.

भेग मिलिमीटरभरापेक्षा रुंद असेल तर ती छन्नीने इंग्रजी 'व्ही'सारखी उघडावी, साफ करावी आणि बाहेरच्या भिंतीसाठीच्या क्रॅक फिलरने भरावी. प्लास्टर ऑफ पॅरिस बाहेर कधीही वापरू नये, कारण ते पाण्याने मऊ पडते.

माल किती, कसा

वाळू हा सगळ्यात मोठा धोका आहे. किनाऱ्यावर खाडीची वाळू सहज मिळते, पण तिच्यातले मीठ गिलाव्यात जाते, हवेतली ओल ओढते आणि लोणा कायमचा घरात घेते. नदीची धुतलेली वाळू किंवा गिलाव्यासाठीची बारीक क्रश सँड घ्यावी आणि चाळून वापरावी. पाणीही गोडेच हवे.

सिमेंटच्या भिंतीला एक भाग सिमेंट, चार भाग वाळू हे प्रमाण पुरते. भिंत मऊ चिऱ्याची किंवा जुन्या विटेची असेल तर एक भाग सिमेंट, एक भाग विरलेला चुना आणि सहा भाग वाळू हा माल अधिक चांगला. "सिमेंट जास्त घाला, मजबूत होईल," असा आग्रह आपण धरतो, पण फार कडक ठिगळ आकसते, भोवती भेग सोडते आणि मऊ भिंतीपासून सुटते. ठिगळ भिंतीपेक्षा जास्त कडक नसावे.

दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड ठिगळाला साधारण 3 किलो सिमेंट आणि 8 लिटर वाळू लागते. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपेल इतकाच माल कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून वापरू नये, त्याची ताकद गेलेली असते. पोतेभर माल एकदम कालवून उरलेला फेकणे हा इस्राफच आहे.

दोन थर, सात दिवस पाणी

आदल्या संध्याकाळी आणि काम सुरू करण्याआधी भिंत भिजवावी. ती ओलसर हवी, पण तिच्यावर पाणी ओघळत नसावे. कोरडी भिंत मालातले पाणी शोषून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. मग सिमेंटची पातळ रबडी ब्रशने लावावी. तिच्यात एसबीआर लेटेक्स मिसळले तर पकड अधिक चांगली. ती वाळण्याआधीच पहिला थर जोर लावून थापावा. थर सुमारे 12 मिलिमीटरचा असावा. तो आवळू लागला की त्यावर थापीच्या टोकाने वाकड्यातिकड्या रेघा ओढाव्यात. किमान दोन दिवस तो ओला ठेवून मग दुसरा, 6 ते 8 मिलिमीटरचा थर द्यावा, पट्टीने जुन्या भिंतीच्या पातळीत आणावा आणि लाकडी रंध्याने फिरवावा. भिंत खरखरीत असेल तर ठिगळही खरखरीतच ठेवावे.

यानंतर जे काम बहुतेक ठिकाणी चुकवले जाते ते करायचे. सात दिवस, दिवसातून दोन-तीनदा पाणी मारायचे. ऊन थेट पडत असेल तर ओले गोणपाट लटकवावे. मिस्त्री काम संपवून निघून जातो, त्यामुळे पाणी मारणे घरच्यांकडेच येते. गिलाव्याची ताकद याच सात दिवसांत तयार होते.

रंगासाठी मात्र चार आठवडे थांबावे. म्हणून ईदला रंग काढायचा असेल तर दुरुस्ती किमान दीड महिना आधी उरकावी. हवामानाच्या दृष्टीने ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. तेव्हा भिंत वाळलेली असते आणि ऊन फार कडक नसते.

जुन्या चुन्याच्या भिंती

भारतात सिमेंटचा कारखाना 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झाला, आणि खेड्यापाड्यांत सिमेंट पोचायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. त्याआधीची आपली घरे, वाडे आणि मशिदी चुन्यातल्या आहेत. घाणीत मळलेला चुना, त्यात कुठे गूळ आणि हिरड्याचे पाणी, असा तो माल असे. अशी भिंत थोडी ओल घेते आणि ऊन पडले की सोडून देते. तिच्यावर सिमेंटचे ठिगळ मारले की ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ठिगळाभोवतीचा शंभर वर्षांचा धडधाकट गिलावा सुटू लागतो. त्या भिंतीला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हाच माल लावावा आणि वरही चुन्याचाच हात द्यावा. काम हळू होते. चुन्याचे काम जाणणारा जुना मिस्त्री गावात असेल तर त्याच्यासोबत एखाद्या तरुणाला आवर्जून उभे करावे.

मिस्त्रीला चार प्रश्न

काम देण्याआधी एवढे विचारावे: पाणी कुठून येतेय असे तुम्हाला वाटते? पोकळ गिलावा कुठपर्यंत काढणार? वाळू कुठली आणणार? दोन थरांमध्ये किती दिवस ठेवणार? जाणता मिस्त्री या प्रश्नांनी सुखावतो. जो "वरून पुट्टी मारून देतो" म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. काम चोख झाले की मजुरी त्याच दिवशी हातावर ठेवावी. असा माणूस पुढच्या वर्षी एका फोनवर येतो.

मग पहिल्या मोठ्या पावसात, झड थांबल्यावर, भिंतीला हात लावून बघावा. आजूबाजूची भिंत आणि ठिगळ एकाच वेळी वाळत असतील तर दुरुस्ती लागू पडली. ठिगळाची कडा उशिरापर्यंत गडद राहिली, तर पाण्याची एखादी वाट अजून उघडी आहे. ती लगेच शोधावी, पुढच्या ईदची वाट पाहू नये.