पाठीराख्यांच्या मंडळात खेळाडू

इंग्लंडात फुटबॉल संघांच्या पाठीराख्यांनी गावोगाव जी मंडळे काढली, त्यांचा राष्ट्रीय महासंघ १९२७ साली अस्तित्वात आला आणि ‘साहाय्य करावे, अडथळा करू नये’ अशा आशयाचे ब्रीद त्याने शिरोधार्य मानले. वर्गण्या व सोडती यांतून जमलेला ऐवज संघाच्या खजिन्यात मुकाट्याने जमा होई, परंतु कारभारात मात्र या दात्यांची सहसा दाद लागत नसे. हंगामातील एखाद्या संध्याकाळी संघातला खेळाडू मंडळाच्या सभागृहात येऊन बसे, ही त्या ऐवजाची जणू पोचपावतीच. चहाची किटली, सोडतीच्या चिठ्ठ्या, सहीसाठी पुढे सरकवलेला चामडी चेंडू, आणि शनिवारी हुकलेल्या गोलाबद्दल एखाद्या वृद्ध सभासदाने भर सभेत मागितलेला जाब, असा तो थाट.

पाहुणा परका वाटत नसे, याचे कारण बरेचसे आर्थिक होते. १९०१ पासून खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा मुकर्रर होती, आणि १९६१ च्या जानेवारीत ती उठली तेव्हाही आठवड्याला अवघे २० पौंड एवढीच तिची मजल गेली होती. इंग्लंडकडून ७६ सामने खेळलेला प्रेस्टनचा टॉम फिनी नळकामाचा धंदाही सांभाळी. तेव्हा अशा पाहुण्यापाशी घरच्या गळक्या तोटीचे गाऱ्हाणे कोणी मांडले असते, तर ते अनौचित्य खचितच ठरले नसते! मर्यादा उठताच फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले.