फूटभर मातीत पाणी किती?

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण भात कापल्यावर जिल्ह्यातल्या टोकावडे गावाच्या खाचरात भेंडी-काकडी लावली की पिकाची भिस्त असते वरच्या फूटभर मातीवर. मध्यम पोताच्या जमिनीत त्या फुटात पिकाला उचलता येईल असं पाणी मावतं साधारण 45 मिलीमीटर. उतारावरच्या मुरमाड जमिनीत जेमतेम 25.

मार्चच्या उन्हात भरात आलेली भेंडी दिवसाला सुमारे 5 मिलीमीटर पाणी ओढते. मातीत मावलेल्या पाण्यातलं निम्मं संपलं की पाण्याची पाळी द्यावी, हा भाजीपाल्याचा ढोबळ नियम. मध्यम जमिनीत निम्मं म्हणजे 22 मिलीमीटर, ते चार दिवस पुरतात. मुरमाडात 12, दोनच दिवस. बांधाला बांध लागलेल्या दोन रानांची पाळी एकाच वारी ठरवली, तर एका पिकाचं नुकसान ठरलेलं.

आता उलट बाजू. मोटर लावून वाफे तुडुंब भरले की एका पाळीला 50 मिलीमीटर पाणी सहज जातं. मध्यम जमिनीत जागा 22ची. उरलेले 28 मिलीमीटर मुळांखाली उतरतात आणि युरियातलं नत्रही सोबत नेतात. एका एकरावर 1 मिलीमीटर म्हणजे 4,047 लिटर. त्या हिशेबाने एकरी 1 लाख 13 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर, एकाच पाळीत. भातसा आणि तानसा धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे हा आकडा किरकोळ म्हणता येणार नाही.

मग मोजायचं कसं? सर्वांत खात्रीची पद्धत वजनाची. मुळांच्या खोलीवरची माती घ्या, तोला, 105 अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवा, पुन्हा तोला. समजा 120 ग्रॅमची 100 ग्रॅम झाली, तर ओलावा वजनाने 20 टक्के. मातीची घनता 1.3 धरली की आकारमानाने 26 टक्के. वाफशाला 29 टक्के आणि पीक कोमेजताना 14 टक्के ओल असेल, तर 30 सेंटीमीटर खोलीत 45पैकी 36 मिलीमीटर शिल्लक आहेत. खर्च झाले फक्त 9. अजून दोन दिवस मोटर बंद ठेवली तरी चालेल.

रोज माती वाळवणं कुणाला जमणार? त्यासाठी टेन्शिओमीटर आहे: पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीचं टोक, वर काटा. माती कोरडी होईल तसा काटा चढतो. हलक्या जमिनीत 20 ते 30 किलोपास्कलला, भारीत 40 ते 50ला पाणी द्यावं. 80च्या पुढे नळीत हवा शिरते आणि वाचन फसवं होतं.

नासाचा 2015 साली सोडलेला स्मॅप उपग्रहही ओलावा मोजतो, पण वरच्या 5 सेंटीमीटरचा आणि सुमारे 36 किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी. त्यात टोकावड्याचं खाचर आणि नाणेघाटावरचं जिरायत रान एकत्र मोजलं जाऊ शकतं. प्रदेशाचा दुष्काळ ओळखायला ते मोलाचं. भेंडीची पाळी ठरवायला अपुरं.

म्हणून सुरुवात रानातच हवी. फूटभर खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो ते पाहावं, आणि जमिनीच्या प्रत्येक प्रकाराला एक टेन्शिओमीटर शेतकऱ्यांनी गटाने मिळून बसवावा. पाळीचा दिवस त्या काट्यावरून ठरला, तर विहिरीचं पाणी एप्रिलमध्येही पिकाच्या कामी येईल.