एमआरएनए भरपूर, मग प्रोटीन कुठे गेलं?

कॅन्सरवरच्या संशोधन-प्रस्तावांत एक वाक्य हमखास सापडतं: "या जीनचं एक्स्प्रेशन ट्युमरमध्ये वाढलेलं आहे, म्हणून त्याचं प्रोटीन औषधाचं लक्ष्य ठरू शकतं." वाक्य सरळ वाटतं, पण त्यातल्या 'म्हणून'पाशी जरा थांबा. आरएनए सीक्वेन्सिंगने तुम्ही मोजता तो एमआरएनए. औषध जाऊन चिकटतं ते बहुतेक वेळा प्रोटीनला. मधला पूल आपण गृहीत धरलेला असतो.

खानावळीचं उदाहरण घ्या. आत गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या मोजून टेबलांवर आत्ता किती ताटं आहेत, हे सांगता येईल का? अंदाज येईल. पण आचाऱ्याचा हात किती चालतो आणि ताटं किती वेळाने उचलली जातात, हेही कळायला हवं. पेशीतही तसंच आहे. एमआरएनए किती, त्यावरून प्रोटीन किती वेगाने बनतं आणि ते किती वेगाने मोडलं जातं, या तिन्हींवर प्रोटीनची पातळी ठरते. 2011 मध्ये उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर झालेल्या एका अभ्यासात एमआरएनएचं मध्यक अर्धायुष्य सुमारे 9 तास निघालं, तर प्रोटीनचं सुमारे 46 तास. म्हणजे आज दिसणाऱ्या प्रोटीनमध्ये कालपरवाचे एमआरएनएही बोलत असतात.

आता ट्युमरकडे येऊ. 2014 मध्ये अमेरिकेतल्या सीपीटॅक या प्रकल्पाने मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे 95 नमुने तपासले. एकाच नमुन्यातले सगळे जीन एकत्र घेतले, तर एमआरएनए आणि प्रोटीन यांचं सहसंबंध-मूल्य सरासरी 0.47 होतं. पण एकच जीन घेऊन तो वेगवेगळ्या ट्युमरमध्ये बघितला, तर सरासरी उतरून 0.23 वर आली. हा फरक नीट समजून घ्या. पहिला आकडा सांगतो की ज्या जीनचा एमआरएनए मुबलक, त्यांचं प्रोटीनही साधारण मुबलक असतं. दुसरा सांगतो की 'या रुग्णात त्या रुग्णापेक्षा हे प्रोटीन जास्त आहे का?' याचं उत्तर एमआरएनएवरून बेताचंच मिळतं. आणि बायोमार्कर शोधताना आपला प्रश्न बहुधा हा दुसराच असतो.

पी53 बघा. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये हा जीन शाबूत असतो, एमआरएनएही बनतो. पण एचपीव्ही विषाणूचं ई6 प्रोटीन पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी53 वर युबिक्विटिनची खूण लावतं, आणि प्रोटिअसोम ते मोडून टाकतो. उलट, इतर अनेक कॅन्सरमध्ये म्युटेशन झालेलं पी53 मोडलंच जात नाही, साचत जातं. स्लाइडवर केंद्रकं गडद दिसतात, पण ते प्रोटीन आपलं मूळ काम करत नसतं. म्हणजे प्रोटीन मोजलं तरी काम संपलं असं नाही.

मग एमआरएनए मोजणं फुकट का? अजिबात नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये एचईआर2 जीनच्या प्रती वाढल्या की एमआरएनए आणि प्रोटीन दोन्ही सहसा वाढतात. तरीही ट्रास्टुझुमॅब द्यायचं की नाही हे ठरवताना, प्रोटीन पेशीच्या पडद्यावर किती आहे ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने बघतात, आणि निकाल संदिग्ध आला की फिश चाचणीने जीनच्या प्रती मोजतात. इथे अंदाज चुकला तर रुग्णाला निरुपयोगी औषध आणि त्याचा हृदयावरचा ताण सोसावा लागेल, किंवा उपयोगी औषध मिळणारच नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी एवढं करा. आवडता जीन सीपीटॅकच्या खुल्या डेटामध्ये शोधा आणि प्रोटीनही त्याच दिशेने बदलतंय का बघा. वेस्टर्न ब्लॉट करणार असाल तर अँटिबॉडी खरंच तेच प्रोटीन ओळखते का, हे जीन नॉकआउट केलेल्या पेशींवर तपासा. एमआरएनए आणि प्रोटीन जुळत नसतील तर निकाल फेकून देऊ नका. प्रोटिअसोम रोखणारं एमजी132 देऊन बघा. एमआरएनए तेवढाच राहून प्रोटीन वाढलं, तर गडबड मोडतोडीत असण्याची शक्यता बळावते. सायक्लोहेक्झिमाइडने नवं प्रोटीन बनणं थांबवलं की जुनं किती वेळ टिकतं तेही मोजता येतं.

कित्येकदा प्रबंधाचा खरा प्रश्न या न जुळण्यातच दडलेला असतो.