कापसात ओलावा जास्त म्हणून भाव का कापतात? उत्तर आहे बारावीच्या केमिस्ट्रीत. जेईई-नीटने वगळलेला धडा समजून घ्या

पिंपळगाव राजा (ता. खामगाव, जि. बुलढाणा) : सीसीआयच्या केंद्रावर कापूस नेला की आधी ओलावा मोजला जातो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल नाकारला जातो. घरातल्या बारावी सायन्सच्या मुलाला यामागचं कारण सांगता यायला हवं, कारण ते त्याच्याच पुस्तकात आहे.

धडा कोणता?

राज्य मंडळाच्या २०२० पासूनच्या बारावी रसायनशास्त्राच्या पुस्तकात १६ धडे आहेत. त्यातला १४वा जैवरेणूंचा आणि १५वा पॉलिमरचा. २०२४ पासून जेईई मेन आणि नीटच्या अभ्यासक्रमातून पॉलिमर आणि ‘सॉलिड स्टेट’ हे धडे वगळले गेले. त्यामुळे ते सोडून देण्याचा मोह होतो. पण मंडळाची ७० गुणांची लेखी परीक्षा आणि एमएचटी-सीईटी या दोन्ही ठिकाणी राज्याचाच अभ्यासक्रम चालतो.

कापूस पाणी का धरतो?

कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ पूर्ण सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकामागे एक जोडले की सेल्युलोजची साखळी तयार होते. या साखळीवर जागोजागी ओएच गट असतात. ते पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. म्हणून दमट हवेतही कापूस सुमारे ८ टक्के ओलावा सहज घेतो. पॉलिएस्टरच्या साखळीत असे गट जवळपास नसतात, त्यामुळे तो अर्धा टक्काही घेत नाही. घामात सुती सदरा बरा वाटतो, तो यामुळेच.

भाकरी पचते, कापूस का नाही?

ज्वारीतलं स्टार्चही ग्लुकोजचंच. फरक फक्त जोडणीचा: स्टार्चमध्ये अल्फा, सेल्युलोजमध्ये बीटा. आपल्याकडे बीटा जोड तोडणारं एन्झाइम नाही. गाईच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे ते असतं, म्हणून ती कडबा पचवते. भाकरीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो निळा-काळा होतो. खळ न केलेल्या सुती कापडावर हा रंग येत नाही.

एकाच इथीनचे दोन पाइप

ठिबकची नळी गुंडाळता येते, तुषार सिंचनाचा पाइप ताठ राहतो. दोन्ही मुख्यतः इथीनपासूनच बनतात. नळीच्या पॉलिथिनमध्ये साखळ्यांना फांद्या असतात, त्यामुळे त्या दाटीने बसत नाहीत आणि घनता कमी राहते. पाइपच्या साखळ्या सरळ असल्याने घट्ट रचल्या जातात. रेणूची रचना बदलली की वस्तूचा गुण बदलतो. मटेरियल सायन्सचा पाया हाच.

अडचण कुठे येते?

दहावीला मराठी माध्यमात ‘बहुवारिक’ शिकलेलं असतं, अकरावीत पुस्तक इंग्रजी होतं आणि तोच शब्द ‘पॉलिमर’ बनून येतो. संकल्पना ओळखीची असूनही अभिक्रिया पाठ करण्यावर भर जातो. जलंब-खामगाव रेल्वेमार्ग १८७० मध्ये कापसाच्या व्यापारासाठी सुरू झाला. त्या भागात तरी हा धडा फळ्याआधी कापसापासून सुरू करता येतो.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

• दहावीचा ‘कार्बनी संयुगे’ हा धडा एकदा पुन्हा वाचा.
• प्रत्येक पॉलिमरसाठी तीन गोष्टी लिहा: मोनोमर, साखळीची रचना, वापर.
• सुती आणि पॉलिएस्टर धागा शिक्षकांसमोर चिमट्यात धरून जाळा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते; पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.
• सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न असतात आणि सुमारे ८० टक्के भर बारावीवर असतो. सोपे गुण देणारा धडा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.