मोतीबिंदूची पट्टी निघाल्यानंतर



आपल्या दानातून आम्ही सातपुड्यातल्या पाड्यांवरचे मोतीबिंदूचे रुग्ण शस्त्रक्रियेला नेतो. शस्त्रक्रिया साधारण अर्ध्या तासात उरकते. खरी परीक्षा असते ती पुढच्या महिना-दीड महिन्यात, रुग्ण घरी परतल्यावर.

शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. बहुधा दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. त्यानंतर काही दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपणे, पाणी येणे, थोडी लाली, उजेड सहन न होणे आणि अंधुक दिसणे हे नेहमीचे आहे. एका आजींनी मला विचारले, “माझ्या लुगड्याला नीळ कोणी दिली?” मोतीबिंदूचे पिवळट भिंग निघाल्यावर पांढरा रंग काही काळ निळसर वाटतो. नजर हळूहळू सरावते.

घरच्यांना आम्ही एवढे सांगतो :

• थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवा. दोन औषधांमध्ये 5 मिनिटे जाऊ द्या. बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत थेंब बंद करू नका.
• डोळा चोळू नका. डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच.
• चुलीच्या धुरापासून व धुळीपासून दूर राहा. हंडा, मोळी उचलू नका.
• पाल्याचा रस, मध, दूध डोळ्यात मुळीच घालू नका.
• मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नका.

यातली मोळीची अट सर्वांत कठीण. मोहफुलांच्या दिवसांत घरी बसायला कोणी तयार नसते, कारण त्यावर घरचा खर्च चालतो. म्हणून जमेल तेथे आम्ही मोहाचा हंगाम टाळून तारीख घेतो.

दुखणे किंवा लाली वाढत गेली, पू आला, दिसू लागलेले पुन्हा कमी झाले, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर एका दिवसाच्या उशिरानेही नजर कायमची जाऊ शकते.

काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले की लोक म्हणतात, “मोतीबिंदू परत आला, ऑपरेशन फुकट गेले.” तसे नसते. भिंगामागचा पातळ पडदा काहींच्या बाबतीत गढूळ होतो. लेसरने काही मिनिटांत त्याला वाट करून देतात. टाका नाही, मुक्काम नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्याने कितीतरी म्हातारी माणसे उगाच अंधारात बसून राहतात.

शस्त्रक्रियेसाठी आपण उदार हाताने देता. आता फेरतपासणीच्या गाडीभाड्याचीही आठवण ठेवावी, ही विनंती. पाड्यावरून तालुक्याला जायचे म्हणजे रुग्णासोबत एका माणसाची मजुरीही बुडते. तेवढ्यासाठी मिळालेला डोळा गमावला जाऊ नये.